डोक्याला मार लागल्यानंतरचे जागते प्रहर

आपल्या प्राचीन वैद्यकाने मानवी शरीरात १०७ मर्मे मानली. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात त्यांची गणना आली आहे आणि त्यांपैकी ३७ मर्मे एकट्या मान व मस्तक या भागात सांगितली आहेत. चरकाने शिर, हृदय आणि बस्ती या तीन मर्मांचा स्वतंत्र विचार केला. मस्तकाला आपण ‘उत्तमांग’ म्हणत आलो. शब्द एवढा गौरवाचा आहे. परंतु या उत्तमांगाला मार लागतो तेव्हा आपले वर्तन त्या गौरवाला साजेसे असते काय, हा आजचा प्रश्न आहे.

मुलाचा हात मोडला तर घर धावपळ करते. क्ष-किरण चित्र काढले जाते, प्लास्टर घातले जाते, शाळेत चिठ्ठी दिली जाते. तोच मुलगा सायकलवरून पडून डोक्यावर आपटला, क्षणभर भांबावला आणि उठून उभा राहिला, तर “टेंगूळ आले आहे, बसेल उद्यापर्यंत” असे म्हणून विषय संपतो. खोक पडून रक्त वाहिले तर टाके घातले जातात आणि टाके घातले म्हणजे उपचार झाला असे आपण मानतो. वास्तविक डोक्याच्या दुखापतीत कातडीवरची खोक ही बहुधा सर्वांत कमी महत्त्वाची गोष्ट असते. खरा प्रश्न कवटीच्या आत असतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. जे दिसत नाही त्याकडे लक्ष कसे ठेवावे, हे शिकणे एवढाच या विषयाचा गाभा आहे.

कवटीच्या आत काय घडते?

प्रौढ माणसाच्या मेंदूचे वजन सुमारे १३०० ते १४०० ग्रॅम असते. शरीराच्या वजनाचा हा जेमतेम पन्नासावा भाग; पण शरीर वापरते त्या प्राणवायूपैकी सुमारे पाचवा भाग हा एकटा अवयव वापरतो. लोण्यासारखा मऊ असलेला हा मेंदू कवटीच्या कठीण पेटीत एका द्रवात तरंगत असतो. चालताना, धावताना बसणारे लहानसहान धक्के हा द्रव पचवितो. परंतु वेगात असलेले डोके एकाएकी थांबले किंवा गर्रकन फिरले, तर कवटी थांबते आणि मेंदू थांबत नाही. तो आतल्या आत हिंदकळतो. त्याच्यातील चेतातंतू ताणले जातात, पेशींचे रासायनिक संतुलन बिघडते आणि काही काळ मेंदूचे कामकाज विस्कळीत होते. यालाच वैद्यकात कन्कशन म्हणतात. मराठीत ‘मेंदूला बसलेला हादरा’ हे त्याचे यथार्थ वर्णन होईल.

अशा हादऱ्यात रचना बहुधा शाबूत असते, बिघडते ते कार्य. म्हणून सीटी स्कॅन स्वच्छ येऊ शकतो. स्कॅन स्वच्छ आला याचा अर्थ आत रक्तस्राव आढळला नाही एवढाच. हादरा बसलाच नाही, असा त्याचा अर्थ नव्हे. दुसरी गोष्ट, हादरा बसण्यासाठी डोक्यालाच मार लागला पाहिजे असेही नाही. मोटार एकाएकी थांबून मानेला जोराचा हिसका बसला तरी मेंदू हिंदकळतो.

याहून गंभीर प्रकार रक्तस्रावाचा. कानशिलाजवळ कवटीचे हाड पातळ असते आणि त्याच्या आतील बाजूस मेंदूच्या आवरणाला रक्त पुरविणारी एक रोहिणी जाते. कानशिलावर मार बसून हाडाला तडा गेला तर ती फाटते आणि हाड व आवरण यांच्यामध्ये रक्त साचू लागते. कवटी ताणली जाणारी नाही. आत रक्त वाढले की मेंदूची जागा कमी होते. प्रारंभी थोडे रक्त सामावून घेतले जाते; त्यामुळे माणूस बोलतो, चालतो, हसतोसुद्धा. ही सामावून घेण्याची मर्यादा संपली की अवघ्या काही मिनिटांत तो कोसळतो. मधल्या त्या फसव्या काळाला डॉक्टर ‘शुद्धीचा अंतराळ’ अशा अर्थाचे नाव देतात. तो काही मिनिटांचा असेल, काही तासांचाही असेल.

रमण लांबा आणि नरी काँट्रॅक्टर

क्रिकेटरसिकांना रमण लांबा हे नाव आठवत असेल. भारताकडून ४ कसोटी आणि ३२ एकदिवसीय सामने खेळलेला हा दिल्लीकर फलंदाज ढाक्याच्या स्थानिक लीगमध्येही लोकप्रिय होता. २० फेब्रुवारी १९९८ रोजी ढाक्यात अबाहनी विरुद्ध मोहमेडन स्पोर्टिंग असा सामना चालू होता. लांबा फलंदाजाच्या अगदी जवळ, फॉरवर्ड शॉर्ट लेगला उभे राहिले. षटकाचे मोजकेच चेंडू उरले होते. हेल्मेट हवे काय, असे कर्णधाराने विचारले. एवढ्यासाठी नको, असे लांबांनी सांगितले. फलंदाजाने मारलेला चेंडू त्यांच्या डोक्यावर आदळला आणि एवढ्या वेगाने उसळला की मागे यष्टिरक्षकाने त्याचा झेल घेतला.

लांबा पडले, परंतु उठले आणि मैदानातून चालत बाहेर गेले. पाहणाऱ्यांना ते सावरलेले दिसले. थोड्याच वेळात त्यांची प्रकृती ढासळली. मेंदूत रक्तस्राव झाला होता. शस्त्रक्रिया झाली, पण २३ फेब्रुवारीला त्यांचे निधन झाले. वय होते ३८.

मार्च २००९ मध्ये कॅनडात ब्रिटिश अभिनेत्री नताशा रिचर्डसन बर्फावर स्कीइंग शिकताना पडली. तिने आपण ठीक असल्याचे सांगून प्रारंभी वैद्यकीय मदत नाकारली. नंतर डोके दुखू लागले आणि दोन दिवसांनी, १८ मार्चला, तिचा मृत्यू झाला. कवटी आणि मेंदूचे आवरण यांच्यामध्ये झालेला रक्तस्राव हेच कारण निघाले.

या दोन्ही घटनांत रुग्ण स्वतः चालत होता, बोलत होता. “मला काही झालेले नाही” या वाक्यावर विसंबू नये, एवढा एक धडा यातून घेतला तरी पुरे. ज्या अवयवाने स्वतःची परीक्षा करावयाची तोच दुखावलेला असतो. म्हणून डोक्याला मार लागलेल्या माणसाचा स्वतःविषयीचा निर्वाळा प्रमाण मानता येत नाही. प्रमाण मानायचे ते शेजारी बसलेल्या सावध माणसाचे निरीक्षण.

आता याची दुसरी बाजूही पाहावी. १९६२ च्या मार्चमध्ये वेस्ट इंडिजच्या दौऱ्यावर भारताचे कर्णधार नरी काँट्रॅक्टर यांच्या डोक्यावर बार्बाडोसविरुद्धच्या सामन्यात चार्ली ग्रिफिथचा उसळता चेंडू बसला. कवटीला तडा गेला, मेंदूवर रक्त साचले. त्यांना रुग्णालयात नेण्यात आले, शस्त्रक्रिया झाली. रक्त हवे होते. ते देण्यास प्रतिपक्षाचे कर्णधार फ्रँक वॉरेल पुढे आले. चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी, पॉली उम्रीगर या सहकाऱ्यांनीही रक्त दिले. काँट्रॅक्टर वाचले. कसोटी सामना ते पुन्हा खेळू शकले नाहीत, परंतु प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये परतले. डोक्याची गंभीर दुखापत म्हणजे मृत्यूच, असे समजण्याचे कारण नाही. वेळेत निदान आणि वेळेत शस्त्रक्रिया झाली तर माणूस वाचतो. ही वेळ राखणे मात्र सर्जनाच्या हातात नसते; ते अपघातस्थळी असलेल्यांच्या हातात असते.

हादरा ओळखावा कसा?

सर्वसाधारण समजूत अशी की शुद्ध हरपली तरच मेंदूला मार लागला. ही समजूत चुकीची आहे आणि घातकही. कन्कशन झालेल्या बहुसंख्य लोकांची शुद्ध मुळीच हरपत नाही. म्हणून इतर खुणा पाहाव्या लागतात.

पडल्यानंतर माणूस भांबावलेला दिसतो. शून्यात पाहतो. प्रश्नाचे उत्तर उशिरा देतो. तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतो. चालताना तोल जातो. डोके दुखते, भोवळ येते, उमासे येतात, डोळ्यांपुढे अंधारी येते किंवा एकाचे दोन दिसतात. उजेड आणि गोंगाट सहन होत नाही. पडण्याच्या आधीचे किंवा नंतरचे काही आठवत नाही. काही खुणा दुसऱ्या दिवशी प्रकटतात: अकारण चिडचिड, रडू येणे, झोप न लागणे किंवा अति लागणे, अभ्यासात लक्ष न लागणे. शांत मुलगा एकाएकी हट्टी झाला आणि दोन दिवसांपूर्वी तो पडला होता, तर या दोन गोष्टींची सांगड घालावी.

मैदानावर एक साधी परीक्षा घेता येते. आज कोणता वार, एवढेच विचारून भागत नाही. हादरलेला खेळाडूही त्याचे उत्तर बरोबर देऊ शकतो. आपण कोणत्या मैदानावर आहोत, समोरचा संघ कोणता, शेवटचा गुण कोणी मिळविला, मागचा सामना कोणाशी झाला, असे ताज्या घटनांचे प्रश्न विचारावेत. एकाही उत्तरात अडखळला तर त्याला बाहेर बसवावे. मात्र सर्व उत्तरे बरोबर आली म्हणून निर्धास्तही होऊ नये. शंका आली की खेळ थांबवावा, हा नियम. शंकेचा फायदा येथे खेळाला नव्हे, मेंदूला द्यावयाचा.

रुग्णालयात यासाठी ‘ग्लासगो कोमा स्केल’ वापरतात. ग्लासगो येथील ग्रॅहॅम टीसडेल आणि ब्रायन जेनेट या मेंदू शल्यविशारदांनी १९७४ मध्ये ही पद्धत मांडली. डोळे उघडण्याला जास्तीत जास्त ४ गुण, बोलण्याला ५, हालचालीला ६; बेरीज १५. किमान गुण ३. बेरीज ८ किंवा त्याखाली आली तर दुखापत गंभीर. १३ ते १५ गुणांच्या दुखापतीला ‘सौम्य’ म्हणतात. केसपेपरवर हा शब्द वाचून नातेवाईक निश्चिंत होतात. परंतु ‘सौम्य’ हे त्या क्षणीच्या शुद्धीचे मोजमाप आहे, पुढच्या बारा तासांची ती हमी नव्हे.

या खुणा दिसल्या तर थांबू नये

काही लक्षणे अशी आहेत की ती दिसताच “सकाळी पाहू” हा विचार मनात आणू नये. डोकेदुखी वाढतच जाणे; पुन्हा पुन्हा उलटी होणे; आकडी येणे; गुंगी वाढणे, हाक मारून न उठणे; बोलणे अडखळणे किंवा असंबद्ध होणे; हातापायातील शक्ती किंवा संवेदना कमी होणे; दोन डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या दिसणे; नाकातून किंवा कानातून रक्त अथवा पाण्यासारखा द्रव येणे; दोन्ही डोळ्यांभोवती किंवा कानामागे काळेनिळे पडणे; मानेत तीव्र वेदना; आणि शुद्ध हरपणे, मग ती क्षणभरासाठी का असेना. यांपैकी एकही खूण दिसली तर जेथे सीटी स्कॅन आणि मेंदूच्या शस्त्रक्रियेची सोय आहे अशा रुग्णालयाची वाट धरावी. जवळच्या दवाखान्यात प्रथमोपचार झाले तरी तेथे रात्र काढू नये. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आहे. हा क्रमांक घरातील प्रत्येकाला पाठ हवा.

प्रथम पोहोचलेल्या माणसाचे कर्तव्य

रस्त्यावर अपघात झाला की गर्दी जमते. कोणी पाणी पाजतो, कोणी उठवून बसवितो, कोणी कांदा हुंगवितो. हेतू चांगला असतो, परिणाम मात्र विपरीत होऊ शकतो. गुंगीत असलेल्या माणसाच्या तोंडात घातलेले पाणी श्वासनलिकेत जाते. हिसका देऊन उठविले तर मानेच्या मणक्याला इजा झालेली असल्यास तो माणूस जन्माचा अपंग होऊ शकतो. डोक्याला जबर मार लागलेल्या प्रत्येकाची मानही दुखावली आहे, असे धरूनच चालावे.

म्हणून प्रथम मागून येणारी वाहने थांबवावीत. जखमीला आहे तेथेच राहू द्यावे. आग किंवा वाहतुकीचा धोका असेल तरच हलवावे. त्याच्याशी बोलावे, डोके न हलविण्यास सांगावे. श्वास चालू आहे का, हे पाहावे. श्वास थांबला असेल तर छातीवर दाब देणे सुरू करावे. त्या वेळी मानेची काळजी दुय्यम ठरते. बेशुद्ध माणूस श्वास घेत असेल आणि उलटी होऊ लागली तर डोके, मान व धड एका रेषेत ठेवून, दोघातिघांनी मिळून त्याला कुशीवर वळवावे. हेल्मेट घातलेले असेल तर ते ओढून काढू नये. श्वास कोंडत असेल तर एकाने मान व जबडा स्थिर धरावा आणि दुसऱ्याने ते हळूहळू उतरवावे.

खोक पडून रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड ठेवून दाबावे. हाड आत गेल्यासारखे वाटत असेल तर तेथे दाब देऊ नये, कापड नुसते झाकावे. जखमेत हळद, कॉफी, चुना यांपैकी काहीही भरू नये. नाकाकानातून येणारा द्रव बोळा घालून अडवू नये. मार किती वाजता लागला, शुद्ध हरपली होती काय, किती वेळ, उलट्या किती झाल्या, हे कागदावर टिपून रुग्णवाहिकेबरोबर द्यावे. ही चार ओळींची चिठ्ठी डॉक्टरांना फार मोलाची असते.

अपघातग्रस्ताला हात लावला तर पोलिसांचा ससेमिरा लागेल, या भीतीने अनेक जण पुढे होत नाहीत. ही भीती आता बाळगण्याचे कारण नाही. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१६ मध्ये अशा मदतकर्त्यांना संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात त्यासाठी स्वतंत्र कलम १३४-अ आले. पैशांची अडचण येऊ नये म्हणून २०२५ साली केंद्र शासनाने योजना अधिसूचित केली. तीनुसार रस्ते अपघातातील जखमीला निर्देशित रुग्णालयात सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोकडरहित उपचार मिळू शकतात. कार्यकर्ता म्हणविणाऱ्या प्रत्येकाने या दोन तरतुदी ठाऊक करून घ्याव्यात. अपघातस्थळी त्यांचा उपयोग भाषणापेक्षा अधिक आहे.

घरातील दोन दिवस

डॉक्टरांनी तपासून घरी पाठविले म्हणजे जबाबदारी संपली असे नाही. ती घरच्यांकडे आली. पहिले २४ तास रुग्णाला एकटे ठेवू नये आणि ४८ तास बारकाईने लक्ष ठेवावे. कोणा एका समंजस माणसाने ही जबाबदारी उघडपणे स्वीकारावी. “सगळेच आहेत ना घरात” अशा वेळी बहुधा कोणीच पाहत नसते.

झोपू द्यावे की नाही, हा नेहमीचा प्रश्न. डॉक्टरांनी तपासलेले असेल आणि धोक्याची लक्षणे नसतील, तर रुग्णाला झोपू द्यावे. बरे होण्यास झोप उपयोगी असते. रात्री मधून उठवून पाहावे काय, हे डॉक्टरांनाच विचारून घ्यावे. नेहमीसारखा जागा होत नसेल तर मात्र सकाळची वाट पाहू नये. मद्य पूर्ण वर्ज्य. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या रक्तस्राव वाढवू शकतात, म्हणून स्वतःच्या मनाने देऊ नयेत. डोके दुखत असल्यास काय द्यावे, हे डॉक्टरांना विचारावे. डोक्याला तेल चोळून जोरात मालिश करणे टाळावे. वाहन चालवू नये. पहिले एकदोन दिवस शरीर आणि मन दोघांना विसावा द्यावा. दूरदर्शन, संगणक, भ्रमणध्वनी यांचा पडदा शक्य तितका दूर ठेवावा. पूर्वी अंधाऱ्या खोलीत आठवडेच्या आठवडे निजवून ठेवण्याचा सल्ला दिला जाई. आताचे वैद्यक तसे सांगत नाही. एकदोन दिवसांनंतर घरात, अंगणात हलके चालणेफिरणे सुरू करावे आणि लक्षणे वाढणार नाहीत अशा बेताने ते वाढवावे. प्रौढ बहुधा दोन आठवड्यांत आणि मुले चार आठवड्यांत पूर्ववत होतात. त्याहून अधिक काळ त्रास राहिला तर पुन्हा तपासणी हवी.

मुलांच्या बाबतीत शाळा आधी आणि खेळ नंतर, हा क्रम आहे. पहिल्या आठवड्यात थोडे तास, मधून विश्रांती, घरचा अभ्यास कमी, अशी सवलत शिक्षकांनी द्यावी. “डोक्याला पट्टी नाही, मग दुखते कसे?” असे विचारून मुलाला खोटे पाडू नये.

मैदानावर परत कधी?

ज्या दिवशी हादरा बसला त्या दिवशी खेळाडूने परत मैदानात उतरावयाचे नाही, हा आता जगभर मान्य झालेला नियम आहे. पुढे हलका व्यायाम, मग धावणे, मग स्पर्शविरहित सराव, डॉक्टरांच्या संमतीनंतर पूर्ण सराव आणि शेवटी सामना, अशा पायऱ्या. प्रत्येक पायरीला किमान एक दिवस. याला कारण आहे. पहिला हादरा भरून येण्यापूर्वी दुसरा बसला तर, विशेषतः कुमारवयात, मेंदूला झपाट्याने सूज येऊन मृत्यू ओढवू शकतो. हे क्वचित घडते, पण घडते तेव्हा फारसे काही करता येत नाही. अशाच दुसऱ्या मारानंतर एक शाळकरी फुटबॉलपटू कायमचा विकलांग झाला, तेव्हा अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याने २००९ मध्ये शालेय खेळाडूंसाठी कायदा केला. शंका आली की बाहेर, आणि वैद्यकीय परवानगीशिवाय परत प्रवेश नाही.

क्रिकेटनेही हे मान्य केले. १ ऑगस्ट २०१९ पासून आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने हादरा बसलेल्या खेळाडूच्या जागी बदली खेळाडू घेण्यास परवानगी दिली. त्याच महिन्यात लॉर्ड्सवर स्टीव्ह स्मिथऐवजी मार्नस लबुशेन खेळला. डिसेंबर २०२० मध्ये कॅनबेरा येथे रवींद्र जडेजाच्या जागी यजुवेंद्र चहल आला.

आपल्या कबड्डीच्या, कुस्तीच्या, खो-खोच्या मैदानांवर हा नियम पोहोचला आहे काय? चढाई करणाऱ्याला पकडताना डोक्यावर डोके आपटते. प्रशिक्षक तोंडावर पाणी मारतो, “चल, मर्द आहेस ना” म्हणतो आणि मुलगा परत रिंगणात जातो. त्या मुलाचे धैर्य खरे असते, आपला सल्ला मात्र चुकीचा असतो. सोसण्याची शक्ती हा गुण आहे. परंतु तो स्नायूंच्या वेदनेसाठी आहे, मेंदूच्या हादऱ्यासाठी नव्हे. वारंवार बसलेल्या हादऱ्यांनी पुढील आयुष्यात स्मृती आणि स्वभाव यांवर कसा परिणाम होतो, हे मुष्टियोद्ध्यांच्या उदाहरणांवरून हॅरिसन मार्टलँड या अमेरिकन डॉक्टरने १९२८ मध्येच दाखविले होते.

दहीहंडीचा उल्लेखही येथे टाळता येणार नाही. उत्सव आपला आहे, म्हणूनच वरच्या थरावरील पोराचे डोके ही आपलीच जबाबदारी आहे. चौदा वर्षांखालील मुलांना थरांत घेणार नाही, अशी हमी राज्य शासनाने २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दिली. तिचे पालन पोलिसांच्या धाकाने नव्हे, मंडळाच्या स्वतःच्या शिस्तीने व्हावयास हवे. शिरस्त्राण, खाली जाड गाद्या आणि जवळच उभी रुग्णवाहिका नसेल तर थर लावू नयेत. त्याने उत्सवाला कमीपणा येत नाही.

घरातील वृद्ध आणि तान्ही बाळे

रस्ता आणि मैदान यांच्याइतकेच धोक्याचे ठिकाण घरात आहे, ते म्हणजे न्हाणीघर. वयानुसार मेंदू किंचित आकसतो आणि त्यावरील शिरा ताणलेल्या राहतात. आजोबा ओल्या फरशीवर घसरले, भिंतीवर डोके आपटले, फारसे दुखले नाही. अशा किरकोळ वाटणाऱ्या धक्क्यानेही शीर फाटून रक्त हळूहळू झिरपू शकते. दोनतीन आठवड्यांनी त्यांचे चालणे अडखळते, नावे आठवेनाशी होतात, दिवसा झोप येते. “वय झाले” असे म्हणून घर स्वस्थ राहते. वास्तविक लहानशा शस्त्रक्रियेने अनेक जण त्यातून बरे होतात. जे वृद्ध रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेतात, त्यांच्या डोक्याला साधा मार लागला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. न्हाणीघरात आधाराची दांडी, न घसरणारी फरशी आणि रात्रीचा मंद दिवा, हे तीन उपाय कोणत्याही औषधापेक्षा स्वस्त आहेत.

तान्ह्या बाळाला डोके दुखते हे सांगता येत नाही. पलंगावरून पडलेले बाळ सारखे रडत राहिले, दूध घेईना, सुस्त झाले, उलट्या झाल्या किंवा टाळू फुगलेली वाटली, तर ताबडतोब रुग्णालय गाठावे.

शिरस्त्राणाचा प्रश्न

१३ मे १९३५ रोजी इंग्लंडमध्ये एका मोटारसायकलस्वाराने दोन सायकलस्वार मुलांना वाचविण्यासाठी वाहन वळविले आणि तो फेकला गेला. सहा दिवसांनी तो वारला. तो होता ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून विख्यात झालेला टी. ई. लॉरेन्स. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हा मेंदू शल्यविशारद होता. त्या मृत्यूने त्याला अस्वस्थ केले. मोटारसायकलस्वारांच्या दुखापतींचा त्याने अभ्यास केला, १९४१ मध्ये तो प्रसिद्ध केला आणि त्याच वर्षी ब्रिटिश लष्कराने आपल्या मोटारसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. एका डॉक्टरच्या चिकाटीने अगणित मस्तके वाचली.

आपल्याकडे मात्र हेल्मेटवर अद्याप वाद चालतो. पुण्यासारख्या सुशिक्षित शहरात तर हेल्मेटसक्तीच्या विरोधात आंदोलने झाली. सक्तीची पद्धत योग्य की अयोग्य, यावर मतभेद असू शकतात; आकड्यांवर मतभेद असू शकत नाहीत. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यांवर मेली. त्यांत हेल्मेट न घातलेले दुचाकीस्वार आणि त्यांच्यामागे बसलेले मिळून ५०,०२९ होते. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या कोक्रेन आढाव्यात हेल्मेटमुळे दुचाकीस्वाराच्या डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी आणि मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी कमी होतो, असा निष्कर्ष निघाला.

हेल्मेटचे काम बाहेरचे कवच करते त्याहून अधिक आतील फोमचा थर करतो. तो चेपतो, डोके थांबण्याचा काळ किंचित लांबवितो आणि आघात मोठ्या क्षेत्रावर पसरवितो. म्हणून आयएसआय चिन्ह असलेलेच हेल्मेट घ्यावे, हनुवटीखालचा पट्टा घट्ट बांधावा आणि एकदा अपघात झालेले हेल्मेट बदलावे. पट्टा न बांधलेले हेल्मेट डोक्याआधीच रस्त्यावर पडते. मागे बसणाऱ्या पत्नीला आणि मुलालाही हेल्मेट हवे. चार वर्षांवरील प्रत्येकाला ते कायद्यानेही आवश्यक आहे. पाठीमागे नऊवारीत किंवा पंजाबी पोशाखात एका बाजूला पाय सोडून बसलेली गृहिणी हे आपल्या रस्त्यांवरील नित्याचे दृश्य. पुढच्याच्या डोक्यावर हेल्मेट आणि मागची उघडी, ही कसली काळजी?

हेल्मेट मृत्यूपासून बऱ्याच अंशी वाचविते, हादऱ्यापासून पूर्णतः नव्हे. म्हणून हेल्मेट घातलेल्यालाही अपघातानंतर दोन दिवस पाहावे लागते.

बंधू-भगिनींनो, या सर्व विवेचनात महागडे यंत्र किंवा दुर्मीळ औषध कोठे आले नाही. आली ती काही लक्षणांची ओळख, एक दूरध्वनी क्रमांक, न हलविण्याचा संयम आणि रात्रभर शेजारी बसणारा एक माणूस. शाळा, व्यायामशाळा, गणेशोत्सव मंडळ, गृहनिर्माण संस्था, या प्रत्येक ठिकाणी धोक्याच्या लक्षणांची यादी मोठ्या अक्षरांत लावता येईल. मंडळातील दोन तरुणांना प्रथमोपचाराचे शिक्षण देता येईल. न्हाणीघरात दांडी तर उद्याच बसविता येईल. पूर्वजांनी मस्तकाला मर्म म्हटले. मर्म जाणणे म्हणजे केवळ त्याचे नाव ठाऊक असणे नव्हे. त्यावर घाव बसला तर काय करावे आणि काय करू नये, हे ठाऊक असणे होय. एवढे ज्ञान प्रत्येक घरात असावे.